परमुलखातल्या आजाऱ्यांची माउली



आपल्या गावात ताप आला तर तापाचे एकच दुःख असते. शेजारीण पेज घेऊन येते, कोणी वैद्याकडे धावते, कोणी रात्री उशाशी बसते. तोच ताप परमुलखात आला की त्याची चार दुःखे होतात. बोली कळत नाही, दवाखाना कुठे ते ठाऊक नाही, गाठीला पैसा नाही, आणि दारावरचा माणूस आधी विचारतो, तू कोण, कुठला? वारीच्या वाटेवर ज्याला दुखणे गाठते त्याला याची थोडी कल्पना येते. पण तिथे निदान दिंडीतले चार हात तरी धावून येतात. ज्याच्या मागेपुढे दिंडीच नाही त्याने काय करावे?

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका बाईंनी हा प्रश्न आपल्या डोक्यावर घेतला आणि मरेपर्यंत खाली ठेवला नाही. त्या जन्माने इटालियन, धर्माने ख्रिस्ती. नाव फ्रान्सेस्का कॅब्रिनी. त्यांचा आपल्या संप्रदायाशी काही संबंध नाही. मग त्यांचे चरित्र आपल्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर चरित्र वाचून झाल्यावर ज्याचे त्यानेच द्यावे.

उत्तर इटलीत लोम्बार्डी नावाचा प्रांत आहे. त्या काळी तो ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. तिथल्या सांतआंजेलो या गावी १५ जुलै १८५० रोजी फ्रान्सेस्काचा जन्म झाला. वडील आगोस्तीनो शेतकरी, आई स्तेल्ला, घरात देवधर्म मोठा. पोर दोन महिने आधीच जन्मली. जगते की नाही अशी धाकधूक होती. भावंडे बरीच झाली, पण हातीपायी धड मोठी झाली ती चारच. ही त्यांतली एक. जगली खरी, पण प्रकृती जन्मभर काडीसारखी राहिली.

आईच्या माहेरचे एक आप्त ख्रिस्ती धर्मगुरू होते. त्यांच्या घराजवळून पाण्याचा कालवा वाहत असे. फ्रान्सेस्का त्यांच्याकडे गेली की कागदाच्या होड्या करायची, त्यांत रानातली जांभळी फुले ठेवायची, आणि ती फुले म्हणजे धर्मप्रचारक समजून होड्या हिंदुस्थान आणि चीनकडे सोडून द्यायची. लोम्बार्डीच्या कालव्यातली होडी हिंदुस्थानला कुठली पोचते हो! पण पोरीचे मन पोचले होते. एकदा होड्या सोडता सोडता ती स्वतःच पाण्यात पडली. तेव्हापासून पाण्याची जी भीती बसली ती कधी गेली नाही, असे सांगतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण याच मुलीला पुढे अटलांटिक महासागर वीसहून अधिक वेळा ओलांडायचा होता.

ती शिकली आणि १८६८ साली शिक्षिकेची परीक्षा उतरली. १८७० साली आईबाप दोघेही गेले. १८७२ च्या सुमारास देवीची साथ आली तेव्हा आजाऱ्यांची सेवा करता करता तिलाही देवी आल्या. त्यातून ती वाचली. मनात एकच होते, संसार नको, जोगीण व्हावे. ख्रिस्ती धर्मात ज्या बायका लग्न न करता मठात राहून सेवेचे व्रत घेतात, ज्यांना नन म्हणतात, त्यांच्यात तिला जायचे होते. ज्या मठाच्या जोगिणींनी तिला शिकवले त्यांचेच दार तिने ठोठावले. त्यांनी तिला घेतले नाही. तुझी प्रकृती नाजूक, तुला हे झेपणार नाही, असे सांगून परत पाठवले.

देवाच्या दाराशीसुद्धा तिला प्रकृती आडवी आली. आजारपणामुळे दारातून परतणे म्हणजे काय, हे या बाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८७४ साली तिला कोदोन्यो गावच्या एका अनाथाश्रमात पाठवले. तिथला कारभार गलथान होता. चालवणाऱ्या बाईंशी पटवून घेणे कठीण. तरी तिने सहा वर्षे काढली. तिथेच १८७७ साली तिने व्रत घेतले आणि आपल्या नावाला झेवियर हे नाव जोडले. हे झेवियर म्हणजे ज्यांचा देह आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या देवळात आहे तेच. पूर्वेकडे धर्मप्रचारासाठी येऊन १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ ज्यांनी देह ठेवला, त्यांचे नाव तिने घेतले. कालव्यातल्या होड्या अजून मनात तरंगत होत्या असे समजा. १८८० साली तो अनाथाश्रम बंद पडला. तेव्हा बरोबरच्या मोजक्या सोबतिणी घेऊन तिने स्वतःचाच एक पंथ उभा केला. इथून पुढे त्यांना आपण कॅब्रिनीबाई म्हणू.

बाईंना जायचे होते चीनला. तयारी त्याचीच चालली होती. पण त्याच सुमारास पिआचेन्सा गावचे बिशप स्कालाब्रिनी त्यांना वेगळेच सांगू लागले. इटलीतली गरीब माणसे हजारोंनी अमेरिकेला चालली आहेत, तिथे त्यांचे हाल कुत्रा खात नाही, तिकडे जा, असे त्यांचे म्हणणे. बाईंचे मन होईना. शेवटी त्या रोमला तेरावे लिओ या पोपमहाराजांकडे गेल्या. त्यांनीही निवाडा दिला तो असाच, की पूर्वेला नव्हे, पश्चिमेला जा. लहानपणापासूनचे मनोरथ बाईंनी तिथल्या तिथे खाली ठेवले. स्वतःला हवी ती सेवा करणे सोपे असते. समोर आली ती सेवा आपली मानणे कठीण.

ही माणसे अमेरिकेला जात तरी का होती? शेत तुटपुंजे, कर भारी, खायला तोंडे फार. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांवर इटालियन माणसे अमेरिकेत गेली. बहुतेक खेड्यांतली. अनेकांना लिहिता वाचता येत नव्हते. पुष्कळांना तिकडे काम मिळे ते मुकादमाकडून. मुकादम बोटभाडे आगाऊ देई आणि मग मजुरीतून वसूल करीत राही. ऊसतोडीची उचल ज्यांनी घेतली आहे त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. रस्ते, खाणी, गटारे, रूळ, जे काम इतर कोणी करीना ते यांच्या वाट्याला येई. राहायला न्यूयॉर्कमध्ये चाळींसारख्या पाचपाच मजली इमारती. एका खोलीत दोन दोन बिऱ्हाडे. उजेड नाही, वारा नाही. क्षय, विषमज्वर, कामावरचे अपघात रोजचेच.

३१ मार्च १८८९ रोजी कॅब्रिनीबाई सहा सोबतिणींसह न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. त्यांच्यासाठी घर तयार असेल असा निरोप होता. घर नव्हते. पहिली रात्र ज्या जागेत काढावी लागली ती इतकी घाण होती, की अंथरुणावर अंग टाकवेना. सातही जणी रात्रभर देवाचे नाव घेत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी आर्चबिशप कॉरिगन यांच्याकडे गेल्या, तर ते म्हणाले, इथे काही जुळलेले नाही, आल्या बोटीने परत जा. बाईंनी शांतपणे सांगितले, की मला पोपमहाराजांनी पाठवले आहे, तेव्हा मी इथेच राहणार. उद्धटपणा नाही, रडणे नाही. पण पाऊल मागे नाही. अखेर आर्चबिशपच वाकले. थोड्याच दिवसांत अनाथ मुलींचे घर सुरू झाले, पोरांची शाळा सुरू झाली. जोगिणी झोळी घेऊन इटालियन वस्तीत दारोदार फिरू लागल्या. कोणी चार नाणी देई, कोणी भाजी, कोणी मासळी.

वस्तीत हिंडताना त्यांना आजारी दिसू लागले. अंधाऱ्या जिन्यांवरून वर जावे तर कोपऱ्यात कोणीतरी कण्हत पडलेला. दवाखान्यात का जात नाही म्हणून विचारावे तर तो अंग चोरी. शहरात इस्पितळे नव्हती असे नाही. पण तिथे गेल्यावर कुठे दुखते हे सांगायचे कोणत्या बोलीत? डॉक्टर विचारतो ते याला कळत नाही, हा सांगतो ते डॉक्टरला कळत नाही. मरायच्या वेळी आपल्या धर्माचे दोन शब्द कानावर पडण्याचीही खात्री नाही. खेड्यातून आलेल्या या माणसांना इस्पितळ म्हणजे मरायला नेऊन टाकण्याची जागा वाटे. बाईंच्या चरित्रात एक गोष्ट सांगतात. एका इस्पितळात जोगिणी भेटीला गेल्या असता एका इटालियन रुग्णाने उशाखालून घरचे पत्र काढून पुढे केले. ते येऊन कितीतरी दिवस झाले होते, पण वाचून दाखवणारे कोणी भेटले नव्हते. जोगिणीने वाचले. आई गेल्याचे पत्र होते ते.

इतके पाहूनही बाईंना इस्पितळ काढायचे नव्हते, हे सांगितले पाहिजे. संतचरित्र लिहिताना आपण पुष्कळदा असे भाग गाळतो. तसे करू नये. त्यांचे म्हणणे, आमचे काम शिकवण्याचे, शुश्रूषेचे आम्हांला शिक्षण नाही, त्यात आम्ही पडू नये. इटालियन धर्मगुरूंनी काढलेले एक लहान इस्पितळ त्या वेळी कर्जात बुडत होते. त्यात मदतीला जोगिणी दिल्या होत्या, पण ते आपल्या अंगावर घ्यायला बाई कचरत होत्या.

मग एके रात्री त्यांना स्वप्न पडले. येशूची आई मेरीमाता बाह्या वर सारून, पदर खोचावा तसा घोळ खोचून, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे आजाऱ्यांची सेवा करीत हिंडत आहे. बाई धावल्या, म्हणाल्या मी करते. तेव्हा मातेने त्यांना सांगितले, की जे काम तू नाकारतेस तेच मी करते आहे. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. त्यामुळे हे स्वप्न आपल्याला परके वाटायचे कारण नाही. देव हलके काम करू लागला की भक्ताला स्वस्थ बसवत नाही.

बाई कामाला लागल्या. त्या बुडत्या इस्पितळाचे लोढणे त्यांनी गळ्यात घेतले नाही. नवेच काढले. १८९२ साली न्यूयॉर्कच्या बाराव्या रस्त्यावर दोन घरे भाड्याने घेतली. गाठीला भांडवल अडीचशे डॉलर. रुग्ण दहा. गाद्या जोगिणींनी हातांनी शिवल्या. होत्या त्या खाटा रुग्णांना दिल्या आणि स्वतः जमिनीवर निजल्या. कोलंबसाच्या सफरीला त्या साली चारशे वर्षे होत होती. कोलंबस हा इटालियनांचा मोठा पुरुष, आणि अमेरिकनांनाही मान्य. म्हणून नाव ठेवले कोलंबस इस्पितळ. बाई व्यवहाराला कच्च्या नव्हत्या.

आता इथे वाचकांनी थोडे थांबावे. १८९२ हेच साल आणि न्यूयॉर्क हेच शहर. त्या सालच्या १ जानेवारीला तिथल्या बंदरात एलिस बेटावर सरकारने नवे नाके उघडले. परदेशातून बोटीने येणाऱ्या गोरगरिबांची तिथे तपासणी होई. जिना चढताना कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, हे डॉक्टर उभ्या उभ्या पाहत. संशय आला की अंगरख्यावर खडूने अक्षर काढीत. डोळ्यांना एक, हृदयाला दुसरे, पायाला तिसरे. डोळ्यांत खुपऱ्या निघाल्या तर बहुधा परतीची बोट. १८९१ च्या कायद्याने सांसर्गिक रोग असलेल्याला आत येण्यास बंदी होती. सरकारच्या धर्मादायावर पडेल असे वाटले तरी बंदी. आत आल्यावर वर्षाच्या आत असा कोणी धर्मादायावर येऊन पडला, आणि त्याचे कारण येण्यापूर्वीचे ठरले, तर त्यालाही परत पाठवता येई.

म्हणजे पाहा, एकाच शहरात एकाच साली दोन दारे उघडली. एका दारात आजार हे परत पाठवण्याचे कारण. दुसऱ्या दारात आजार हेच आत घेण्याचे कारण. पहिल्या दारातून कसाबसा आत आलेला माणूस जन्मभर डॉक्टरला भिऊन असे, तर त्यात नवल ते काय? त्याला डॉक्टरपाशी पुन्हा आणायचे तर नुसते औषध पुरे पडत नव्हते. त्याच्या बोलीत बोलणारे, त्याला न हाकलणारे माणूस दारात उभे असावे लागे. कॅब्रिनीबाईंनी ते माणूस दारात उभे केले.

सरकारचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नव्हे. पटकी आणि विषमज्वर बोटीतून येत हे खरे. शहरात लाखो माणसे दाटीने राहत होती, त्यांचीही काळजी वाहायला हवी होती. बाई त्या कायद्याशी वाद घालत बसल्या नाहीत. जो आत आला आहे, जो इथे राबतो आहे, तो आजारी पडला तर त्याला खाट मिळाली पाहिजे, एवढेच त्यांनी धरून ठेवले. आणि हे त्यांनी भिकेसारखे मागितले नाही. श्रीमंत इटालियनांकडे गेल्या, अधिकाऱ्यांकडे गेल्या, धर्माधिकाऱ्यांकडे गेल्या. प्रत्येकाला त्याच्या कर्तव्याची आठवण करून दिली. पुढे इस्पितळ विसाव्या रस्त्यावरच्या मोठ्या जागेत गेले.

न्यूयॉर्कच्या दक्षिणेला दूर न्यू ऑर्लीन्स नावाचे बंदर आहे. तिथे १८९१ च्या मार्चमध्ये खवळलेल्या जमावाने तुरुंगात शिरून अकरा इटालियनांना ठार मारले होते. पोलीस प्रमुखाच्या खुनाचा त्यांच्यावर आळ होता, पण त्यांच्यापैकी एकाचाही गुन्हा न्यायालयात शाबीत झाला नव्हता. इटालियन म्हटले की लोक तोंड फिरवीत. नेमके त्याच गावी १८९२ साली बाईंनी जोगिणी नेऊन बसवल्या. पुढे १९०५ साली तिथे पीतज्वराची साथ आली आणि तिने इटालियन वस्तीत थैमान घातले. हा रोग डासांमुळे पसरतो हे तोवर कळले होते. पाण्याची टाकी झाका, घरात धुरी द्या, रुग्णाला जाळीत ठेवा, असे सरकारी माणसे सांगत. पण ज्यांनी चौदा वर्षांपूर्वी आपली माणसे मारली त्यांच्या शहराच्या शिपायाला घरात कोण घेणार? लोक रुग्ण लपवू लागले. तिथे जोगिणींचा उपयोग झाला. घरोघर जाऊन, आपल्या बोलीत समजावून, त्यांनी वस्तीला उपचाराकडे वळवले. विश्वास ही औषधाच्या आधी द्यायची मात्रा आहे. ती बाजारात मिळत नाही, बारा-तेरा वर्षे शेजार केल्यावर मिळते.

त्याच १९०५ साली शिकागो शहरात दुसरे कोलंबस इस्पितळ उघडले. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. एक जुने मोठे हॉटेल विकायला होते. किंमत एक लाख साठ हजार डॉलर. जोगिणींच्या झोळीत होते त्याच्या शतांशानेही नाही. लोकांकडून जमवाजमव चालली. विकणाऱ्यांना वाटले, या भोळ्या बायकांना काय कळते, जागेची एक पट्टी गाळून व्यवहार उरकू. बाईंना वास आला. त्यांनी दोन जोगिणींना पहाटे सुतळीचा गुंडा देऊन पाठवले. त्यांनी सारी जागा सुतळीने मोजली, आणि फसवणूक उघडी पडली. पुढे बाई परगावी असताना कंत्राटदारांनी वास्तू नको तितकी उकरली आणि बिल फुगवून ठेवले. बाई परत आल्या, कंत्राटदारांना घालवून दिले, आणि गवंडी-सुतारांवर स्वतः देखरेख करून काम पुरे केले. गरिबाच्या पैशाला गळती लागू देणे हेही पापच, अशी त्यांची समजूत होती.

शिकागोच्या गरीब वस्तीत १९११ साली त्यांनी आणखी एक इस्पितळ काढायला घेतले. शेजारच्यांना ते नको होते. कंगाल परदेशी आजारी इथे येतील, आमच्या घरांची किंमत उतरेल, ही भीती. ऐन हिवाळ्यात कोणी रात्री पाण्याचे नळ तोडले. आत पाणी साचून बर्फ झाले. पुन्हा कोणी आग लावण्याचा प्रयत्न केला. बाईंनी काय करावे? काम अर्धवट असतानाच रुग्ण आणून आत निजवले. रिकाम्या भिंतींना आग लावणारा हात आजाऱ्याच्या खाटेपाशी अडखळतो, हे त्यांनी ओळखले होते. तसेच झाले. त्रास थांबला.

या साऱ्या काळात त्या एका जागी बसल्या नव्हत्या. निकाराग्वा, आर्जेन्टिना, ब्राझील, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड. चिलीहून आर्जेन्टिनाला जाताना अँडीजचा बर्फाळ पहाड खेचरावर बसून ओलांडला. खाणीत खोल उतरून कामगारांना भेटल्या, तुरुंगात कैद्यांना भेटल्या. पाण्याची भीती उराशी तशीच होती आणि बोटीवर पाऊल तसेच पडत होते. १९०९ साली सिएटल गावी त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. वीस वर्षे त्या देशात परक्या म्हणूनच त्यांनी परक्यांची सेवा केली.

अखेरच्या काळात हिवतापाने शरीर पोखरले होते. १९१७ चा डिसेंबर. नाताळ चार दिवसांवर आलेला. वस्तीतल्या पोरांना द्यायच्या खाऊच्या पुड्या त्या शिकागोच्या इस्पितळात बांधत होत्या. दुसऱ्या दिवशी, २२ डिसेंबर १९१७ रोजी, तिथेच त्यांनी देह ठेवला. वय ६७. जगभर उभ्या केलेल्या संस्थाही ६७. ज्या प्रकृतीला मठाने नाकारले होते तिने इतके काम दिले. आणि देह पडला तोही आपल्याच इस्पितळात, रुग्णांच्या शेजारी.

७ जुलै १९४६ रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांना संतपद दिले. अमेरिकेच्या नागरिकांपैकी ते पद मिळालेल्या त्या पहिल्या. १९५० साली त्यांना देशांतर करणाऱ्यांच्या पालक संत असे जाहीर करण्यात आले.

त्यांनी काढलेली इस्पितळे आज चालू आहेत का, असे कोणी विचारील. न्यूयॉर्कचे ते इस्पितळ पुढे दुसऱ्या इटालियन इस्पितळाशी जोडून कॅब्रिनी वैद्यकीय केंद्र झाले, पण पैशाच्या ओढाताणीत २००८ साली बंद पडले. शिकागोचेही राहिले नाही. तिथे त्यांचे स्मृतिमंदिर तेवढे आहे. विटामातीचे असेच असते. पण काम मेले नाही. २०१८ साली न्यूयॉर्कच्या बिशपांच्या आधाराने चालणारी आरोग्यविम्याची एक धर्मादाय संस्था विकली गेली. त्या पैशातून तीनशे कोटी डॉलरांहून मोठा निधी उभा राहिला. त्याला बाईंचेच नाव दिले आहे, आणि तो गरिबांच्या व नवागतांच्या औषधपाण्यासाठी खर्च होतो. अडीचशे डॉलरांचे बी म्हणा ना!

वादही मेला नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने असे ठरले, की अत्यवस्थ माणूस इस्पितळाच्या तातडीच्या दारात आला तर पैसा किंवा नागरिकत्व न विचारता त्याला तपासले पाहिजे आणि धोक्यातून बाहेर काढले पाहिजे. पण १९९६ च्या कायद्याने रीतसर परवाना घेऊन आलेल्या बहुतेक नवागतांनाही गरिबांच्या सरकारी औषधयोजनेसाठी पाच वर्षे थांबायला लावले. ताप काही पाच वर्षे थांबत नाही. ही अट काढा म्हणून तिथले बिशप आणि ख्रिस्ती इस्पितळे सरकारकडे वर्षानुवर्षे मागणी करीत आले आहेत. ते दुसरे दार उघडे ठेवण्याचे भांडण असे अजून चालूच आहे.

त्या देशात आज आपली मराठी मुलेही आहेत. कोणाचे पोर शिकायला, कोणाचे नोकरीला गेले आहे. त्याला तिथे ताप आला तर दारात कोणी आपल्या बोलीचे भेटावे, असे आईला इथे बसून वाटतेच ना? मग आपल्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीपाशी जो परप्रांतीय मजूर हातातला कागद उलटसुलट करीत उभा असतो, त्याचीही आई कुठेतरी बसलेली आहे. त्याच्यासाठी मोठे इस्पितळ बांधायला आपल्याला कोणी सांगत नाही. त्याचा केसपेपर काढून द्यावा, डॉक्टरने सांगितले ते त्याला समजेल असे सांगावे, आणि खिडकीवाला त्याला हुसकू लागला तर जरा आवाज चढवून, याला आधी तपासा, असे म्हणावे. कॅब्रिनीबाईंनी जन्मभर केले ते याहून फार वेगळे नव्हते. फक्त त्या एका खिडकीवर थांबल्या नाहीत.